गालानं शोधलेली सळ

सोनईत आमच्या आळीला कुणी गोधडी वाळत घातली, की विमलबाई जाता जाता थांबायची. गोधडीची कड दोन बोटांत धरायची, टाक्यांवरून अंगठा फिरवायची आणि घरातल्या बाईला हाक मारून विचारायची, “अगं, हा टाका हाय का म्हशीनं मारलेली उडी?”

बाकीच्या बाया हाक ऐकून घरातच बसायच्या. मी बाहेर यायचे. माझी भिंत तिच्या भिंतीला लागून, लपणार कुठं? आणि आळीत सगळ्यांत लांब उड्या माझ्याच म्हशीच्या.

“लंके, तुझ्या टाक्यात पायाची बोटं अडकत्यात. नवरा निजतो तरी कसा?”

“घोरतोय की. अडकल्यालं कळतंय कुठं त्याला?”

असं आमचं रोजचं. पण तिला बोलायचा हक्क होता, हे मी तोंडावर नाही, तरी माघारी कबूल करत असे. विमलबाईचा टाका म्हणजे जोंधळ्याची कणी. पाथर्डीकडून लग्न होऊन आली तेव्हा सासूनं चिंध्यांचं गाठोडं पुढ्यात टाकलं होतं आणि म्हणाली होती, ह्यातनं काय निघतंय बघ. तेव्हापासून जी बसली ती उठलीच नाही. अर्ध्या गावाच्या अंगावर तिची गोधडी. पैसे घ्यायची नाही. कुणी शेंगा द्यायचं, कुणी जुनं लुगडं. बोलणी मात्र सगळ्यांना सारखी द्यायची.

तिची रीत अशी, की थर मांडून झाले की आधी ती गोधडीवरून अनवाणी चालायची. खालच्या थरात कुठं चुणी पडून सळ राहिलेली असली की तळव्याला लागायची. मग तिथंच बसून ती सळ मोडायची. “पायाला डोळं असत्यात,” म्हणायची. शिवायला कडेपासून सुरुवात. चारी बाजूंनी फेऱ्या मारत मारत आत यायचं, आणि आत येता येता गोधडीवरच मांडी ठोकायची. उजव्या हातात सुई, डावा हात कापडाखाली. शेवटचा टाका पडायचा तो बरोबर मधोमध, तिच्या गुडघ्याजवळ.

नवरा रंभाजी. घरात तोंड हिचं आणि कान त्याचे, अशी वाटणी. हिची नजर अधू झाली तसा तो सकाळी शेतावर जायच्या आधी सुया ओवून ठेवायला लागला. ओवलेल्या सुया कुठं ठेवायच्या? तर आपल्या गुलाबी फेट्याच्या शेवात टोचायच्या, उठताना काढून तिला द्यायच्या. पण गडी विसरभोळा. सुया डोक्यावर घेऊन तसाच बैलांमागं जायचा, आणि ही भर उन्हात “सुई आणाया चालले” म्हणत शेताची वाट धरायची. जाताना भाकरीचं फडकं आणि कांदाही बरोबर.

“सुईला कालवण लागतं व्हय गं?” मी भिंतीवरून विचारायचे.

“तुझ्या जिभेला टोचाया नेतेय,” ती म्हणायची आणि पदर सावरत निघायची. त्या सुयांचा एक तांबूस डाग फेट्याला पडला होता, गंजाचा. कितीही धुतला तरी गेला नाही.

चौऱ्याण्णवच्या पौषात रंभाजी थंडीतापानं गेला. बोलायचा तसाच गेला, थोडक्यात.

तेराव्याला त्याचा थोरला भाऊ आप्पासाहेब कपडे गोळा करायला उठला. आप्पा फार बोलणारा माणूस नव्हे, पण बोलला की निवाडा दिल्यासारखा. धोतर, सदरे, काठी, चपला, सगळं एका गाठोड्यात घातलं. फेट्याला हात घातला तेव्हा विमलबाईनं तो धरला. थोरल्या दिरासमोर ती आयुष्यात कधी खाटेवर बसली नव्हती, आणि आता एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या.

“विमल, सोड. पोरगा असता तर त्याच्या डोक्याला बांधला असता. तुझी एकली जयमाला, ती दिली केडगावला. डोक्याचं वस्त्र ट्रंकंत पडून ऱ्हायलं की माणूस बी घरातच अडकून पडतो. वर्षश्राद्धाला समदं प्रवरासंगमाला सोडू.”

“ट्रंकंत न्हाई ठेवत. गोधडीत घालते.”

आप्पानं हातातलं टोक सोडलं. “वर्षश्राद्धाच्या आत शिवून झाली तर ऱ्हाऊ दे. न झाली तर फेटा बी ह्या गाठोड्याबरुबर पाण्यात.”

“माझ्या हाताला काय धाड भरलीय?” विमलबाई म्हणाली. तेव्हा कुणालाच त्या बोलण्यात काही वावगं वाटलं नाही.

वैशाखात तिनं ओट्यावर थर मांडले. खाली स्वतःचं हिरवं लुगडं, वर निळं, मध्ये जुनेर, आणि त्या सगळ्याच्या मधोमध घड्या घालून फेटा. फेट्याचं कापड कसलं ते, तलम आणि घसरडं; हात लावला की पळणारं. मी भिंतीवरून बघत होते. थर झाले, आता ही चालणार. पण विमलबाई पाय पोटाशी घेऊन कडेलाच बसली आणि तळहातानं कापड सारखं करायला लागली.

“चाल की,” मी म्हणाले. “पायाचं डोळं आलं का काय?”

“त्येंच्या डोक्याव पाय देऊ व्हय?”

मी भिंतीवरचं डोकं खाली घेतलं. असं फारदा होत नाही.

पायानं जे घटकाभरात झालं असतं ते हातानं करायला तिला दिवस लागले. बाहेरच्या फेऱ्या झाल्या, एकाआत एक, जोंधळ्याच्या कण्या ओळीनं मांडाव्यात तशा. मग पेरण्या आल्या, खुरपणी आली, गोधडी गुंडाळून उतरंडीमागं गेली. मधला फेट्याचा भाग तेवढा मोकळा राहिला होता. दिवाळीनंतर बसून संपवीन, म्हणायची.

दिवाळीच्या तोंडावर कडबाकुट्टीच्या यंत्रात तिचा उजवा हात गेला. म्हशींची वैरण करत होती. पेंढी आत लोटली, तिच्याबरोबर हातही. आमच्याच आळीतल्या चांदबीचा नवरा रशीद, त्याचा टेम्पो दारातच होता म्हणून बरं. त्यानं नगरला दवाखान्यात नेलं. हात वाचला. पहिल्या बोटाचं पेर गेलं, अंगठा राहिला पण लाकडासारखा. वाकेना, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला काही कळेना. गरम नाही, गार नाही, टोचलेलं नाही.

जयमाला महिनाभर येऊन राहिली. जाताना म्हणाली, “आई, आमच्या केडगावात मशीनवर गोधड्या शिवून मिळत्यात. मी नेते आन टाके मारून आणते.”

“मशीन माराया ते काय साखरेचं पोतं हाय?” विमलबाई म्हणाली. जयमाला रडत एस्टीत बसली.

ती गेल्यावर विमलबाई कामाला लागली खरी, म्हशींचं, चुलीचं. डाव्या हातानं भाकरी थापायची, वाकडी तिकडी. उजवा हात पदराखाली. दुखतंय का विचारलं तर “न्हाई” म्हणायची, आणि ते खरं होतं. तेच तर दुखणं होतं. पण मला खरी धास्ती वेगळ्याच गोष्टीची पडली. आळीत गोधड्या वाळत पडायला लागल्या, थंडीचे दिवस, आणि विमलबाई जाता जाता थांबेना. मान खाली घालून पुढं जायची.

मी मुद्दाम माझी सगळ्यांत वाईट गोधडी काढली. तिच्या कोपऱ्यातून आतल्या चिंध्या बाहेर डोकावत होत्या. ती मी बरोबर तिच्या वाटेत आडवी टाकली, चार बाया नाकाला पदर लावतील अशी. विमलबाई आली. गोधडी हातानं बाजूला सारली, जशी पाण्याला जाताना झाडाची फांदी सारावी, आणि गेली. टाक्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मी आणि चांदबी दोघी मिळून तिच्याकडे गेलो. चांदबीचा टाका चांगला. विमलबाईही तिला म्हशीवरून कधी बोलली नव्हती, फार तर शेळीवरून.

“विमलबाय, मला दे ना,” चांदबी म्हणाली. “मधलंच तर ऱ्हायलंय. वर्षश्राद्ध आलं. पौष काय लांब हाय?”

“तुझ्या हातानं झाली तर ती तुझी झाली. आप्पाला मी माझा हात सांगितलाय.”

“अगं पण हातच...” चांदबी अर्ध्यावर थांबली.

“डावा हाय ना?”

आणि डाव्यानं बसली. सुया ओवायचं काम माझ्याकडे आलं. मी ओवायचे नि वर म्हणायचे, “फेटा न्हाई माझ्याकं. अंबाड्यात टोचून ठेवू का?” ती हसायची नाही. डाव्या हातात सुई, उजवा कापडाखाली. पण उजव्याला काही कळतच नव्हतं. कापडाखाली तो मेलेल्या पाखरासारखा पडून राहायचा. सुई वरून जायची, खाली फेट्याची घडी सरकायची, गोळा व्हायचा, आणि ते तिला टाका ओढून झाल्यावर दिसायचं. मग उसवायचं. दिवसभर शिवायची आणि संध्याकाळी उसवायची. पौष लागला तरी आत एक फेरी सरकली नव्हती.

“पायानं बघ की आता,” मी एकदा न राहवून म्हणाले. “रंभाजीभाऊ समजून घेतील.”

“त्ये घेतील. मी न्हाई घेणार.”

“मग चांदबीला चालव वरनं. तिला काय आपलं पाप लागतंय?”

चांदबी माझ्यावर अशी उसळली की मी मागं सरले. “का? माझा भाऊ न्हवता त्यो? ईदीला शिरखुर्मा प्यायला माझ्या दारात बसायचा. मी का पाय देऊ त्येच्या डोक्याव? तू दे, तुला लई हौस!”

मीही दिला नाही. जिवंतपणी त्याच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या मी, थट्टेनं. पण पाय नसता दिला.

मग एका दुपारी भांडी घासून मी भिंतीवरून डोकावले. बघते तर विमलबाई ओट्यावर गोधडीवर पालथी पडलेली. दोन्ही हात पसरलेले. गाल मधोमध टेकलेला, डोळे मिटलेले, हालचाल नाही.

“चांदबीऽ! अगं धावा! विमल गेली!”

आळी गोळा झाली. कुणी कांदा फोडून आणला, कुणी पाणी. विमलबाईनं डोकं न उचलताच विचारलं, “कोण गेलं?”

“तू!”

“मग मला आधी सांगाया नको? गाव जमवलंस!” आणि हळूच डावं बोट गालाखाली सारून मग तिनं मान वर केली. गालावर आडवा वळ उठला होता, बारीक, कापडाच्या घडीचा. “हितं हाय बघ सळ. हाताला कळंना, पायाला कळून चालंना. गाल तर माझा धड हाय ना? लेकराच्या गालाला गाल लावतो आपण. त्यात कुठलं आलंय पाप?”

बाया कांदा घेऊन परत गेल्या.

गालाला सळ सापडायची, पण तेवढ्यानं भागत नव्हतं. गाल उचलून सुई घेईपर्यंत सळ पळायची. कापड दाबून धरायला हात हवा. तिनं वरवंटा ठेवून बघितला, तो लोळायचा. मी हात दिला. थोड्या वेळानं माझा हात बाजूला सारून म्हणाली, “लंके, तू बोलतीस तवा तुझा हात हलतो. आन तू गप बसत न्हाईस.” खोटं काय होतं त्यात? चांदबी धरायची, पण तिच्या घरी चूल, रशीदचा डबा. किती वेळ धरणार? तर असा एखाददुसरा टाका पडत होता, आणि श्राद्ध अंगावर आलं होतं.

इकडं बाजारच्या दिवशी गोष्ट वेगळीच फिरली. विमलबाई दिवसदिवस नवऱ्याच्या फेट्यावर पडून असते, अन्नपाणी सोडलंय, डोक्यावर परिणाम झालाय. एकीनं तर ती फेट्याशी बोलताना ऐकलं होतं म्हणे. बोलत होती, पण माझ्याशी.

हे आप्पासाहेबाच्या कानावर गेलं. श्राद्धाला थोडे दिवस असतानाच तो कुणाची तरी जीप घेऊन आला. मी तेव्हा ओट्यावरच सुया ओवत बसले होते. आप्पा अंगणात उभा राहून खाकरला.

विमलबाई गोधडीवर गाल टेकून पडली होती. थोरला दीर समोर उभा, आणि ही आडवी. मी तिला कोपरानं ढोसलं. तिनं डाव्या हातानं पदर ओढून डोकं झाकलं, पण गाल उचलला नाही.

“विमल, ऊठ,” आप्पा म्हणाला. आवाज चढा नव्हता. “लोक काय काय बोलत्यात. आसं करून तुझं बी भलं न्हाई, त्याचं बी न्हाई. फेटा दे. आजच नेतो.”

“देते,” पदराआडून आवाज आला. “आधी चपला काढा.”

“काय?”

“चपला काढा आन हितं या, आप्पा. माझ्या गालाखाली सळ हाय. उठले की पळंल. तुमचा हात ठेवा हितं, मग उठते. मग न्यायचा तर न्या.”

आप्पानं माझ्याकडे बघितलं. मी सुईच्या नेढ्यातून आभाळ बघायला लागले. त्यानं चपला काढल्या, टोपी सारखी केली, आणि गुडघ्यावर बसून आपला तळहात तिच्या गालाशेजारी टेकवला. शेतकऱ्याचा हात, रुंद, जड. जिथं ठेवला तिथंच राहिला. विमलबाईनं गाल काढून घेतला, माझ्याकडून सुई घेतली आणि डाव्या हातानं एक टाका घातला. मग दुसरा. घडी हलली नाही.

तिसऱ्याला आप्पा म्हणाला, “हितं उलसं उंच लागतंय.”

“कुठं?”

त्यानं हात सरकवला. “हितं. करंगळीखाली.”

तिनं गाल टेकवून बघितलं, खरंच होती. “तुमाला कळतंय की,” ती म्हणाली.

आणखी दोन टाके पडले. मग आप्पा एकदम थांबल्यासारखा झाला. “ह्याच्याखाली काय हाय?”

“त्येंचा फेटाच की.”

मला वाटलं, आता हात काढणार. निवाड्याचा माणूस तो, आणि जे पाण्यात सोडायचं ठरवून आला तेच हाताखाली. त्यानं हात काढला नाही. बोटं मात्र जरा पसरली, कुणाच्या डोक्यावर हात ठेवावा तशी. रंभाजी त्याच्याहून फार धाकटा होता. लहानपणी त्याला खांद्यावर घेऊन फिरायचा असं जुनी माणसं सांगतात. मी चहा आणला, तो निवला. गरम करून आणला, तोही निवला. जीपवाल्यानं दोनदा भोंगा वाजवला, तेव्हा आप्पा मान न वळवता म्हणाला, “त्याला सांगा, जा म्हणावं.”

दुसऱ्या दिवशी तो सायकलवर आला. अंगणात चपला काढल्या आणि विचारलं, “कुठनं धरू?”

श्राद्धाच्या आदल्या दिवशी मधोमध शेवटचा टाका पडला. विमलबाईनं दोरा दातानं तोडला. आप्पानं हात उचलून झटकला, मुंग्या आल्या असतील, आणि सायकल घेऊन निघून गेला. पाणीसुद्धा घेतलं नाही.

श्राद्धाला भावकी जमली. जेवणं झाल्यावर संगमाला न्यायचं गाठोडं बाहेर काढलं. काठी, चपला, धोतर, सदरे. भावकीतला म्हातारा पुंजाराम, त्याला सगळ्या गोष्टींची आठवण, त्यानं गाठोडं चाचपलं. “आन फेटा रं? फेटा दिसत न्हाई ह्यात.”

सगळे विमलबाईकडे बघायला लागले. ती दाराआड उभी होती.

“त्यो कामात हाय,” आप्पासाहेब म्हणाला आणि गाठोड्याची गाठ आवळली.

त्यानंतर विमलबाईनं गोधडी शिवली नाही. कुणी आणून दिलं तर थर मांडून द्यायची, कुठं काय घालायचं ते सांगायची, पण सुई पुन्हा हातात घेतली नाही. अंगठा कधी वाकलाच नाही. लोक अजून म्हणतात, आधीची विमलबाई राहिली नाही, आणि तेही काही खोटं नाही.

माघातल्या एका सकाळी तिनं ती गोधडी पहिल्यांदा उन्हात टाकली, आमच्या दोघींच्या भिंतीवर. मी बघतच राहिले. बाहेरून आत येणाऱ्या जोंधळ्याच्या कण्या, आणि मग एका ठिकाणी त्या एकदम संपून पुढं मोठाले, वाकडे, उलट्या अंगानं चाललेले टाके. कुठं उजवा हात संपला आणि कुठं डावा लागला, ते आंधळ्यालाही बोटानं सांगता आलं असतं. विमलबाई अंगणात म्हशीला पाणी दाखवत होती, उजवा हात पदराखाली.

मी गोधडीचा मधला भाग दोन बोटांत धरला. अंगठा फिरवला. आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारली, “अगं विमल! हा टाका हाय का म्हशीनं मारलेली उडी?”

ती वळली. मला वाटलं, चुकलं माझं. आत जाऊन दार लावून घेणार. ती भिंतीपाशी आली. पदराखालून उजवा हात काढून तिनं गोधडीवर ठेवला, तो लाकडी अंगठा, ते अर्धं बोट, सगळं उन्हात.

“उडीच हाय,” म्हणाली. “पर वढून बघ.”

मी दोरा बोटात धरून ओढला. मग पाय भिंतीला लावून ओढला. टाका निघाला नाही.